पुस्तकातल्या बायकांचा स्वयंपाक

प्रिय जाऊबाई,

काल दुपारी तुमची अर्धी राहिलेली ती कादंबरी संपली. शेवटचं पान उलटलं आणि तुम्हाला सांगावं म्हणून उठले, तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही. मग आठवलं, तुम्हाला जाऊन चार महिने होत आले. आता या घरात त्या पुस्तकातल्या बाईबद्दल कुणाशी बोलू? हे दोघे भाऊ सोयाबीन सोडून दुसरं बोलत नाहीत. म्हणून वही घेऊन बसले.

आधी मनातलं सांगते. मी तुमच्यावर फार जळायची.

उंद्रीत लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे. कुणाकडे साखरपुडा असो की बारसं, वरणाला फोडणी द्यायला मलाच बोलावणं. आणि तुम्ही? एका हातात कादंबरी, दुसऱ्या हातात उलथणं. किती पोळ्या जाळल्या असतील! सासूबाई ओरडायच्या, "अवं, तव्याकडं पाह्य ना!" तुम्ही हसून पान उलटायच्या.

तरी दुपारी सगळी भांडीकुंडी आवरली की माझी वैदेही तुमच्याच मांडीशी. भाऊजी चिखलीच्या वाचनालयातून आणायचे ती पुस्तकं तुम्ही तिला वाचून दाखवायच्या. आणि जेवणाचं वर्णन आलं की तुमचा आवाजच बदलायचा! नारळाच्या रसातलं माशाचं कालवण, शिळ्या भाकरीवर फोडलेला कांदा, चोरून खाल्लेला गूळ. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि माझी पोरगी माशाच्या कालवणावर ओठ चाटायची.

एक दिवस मी तिच्यापुढे गरम झुणका-भाकरी ठेवली. दहा वर्षांची होती. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आई, मोठीआईच्या पुस्तकातलं जेवण याच्याहून मस्त असते."

तुम्हाला हसू आलं. मला नाही आलं. पुस्तकातल्या बायकांशी मी कशी बरोबरी करणार होते, सांगा? त्यांचं मीठ कधी चुकत नाही. त्यांच्या चुलीचा धूर कुणाच्या डोळ्यांत जात नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेल्या तेव्हा तुम्ही तिला वाचून दाखवत होत्या ती कादंबरी मी उचलली आणि गव्हाच्या कोठीत खोल खुपसली.

आठ दिवस तुम्ही घर पालथं घातलं. गाद्या झटकल्या, गोठा शोधला. मीही तुमच्याबरोबर शोधायचं नाटक केलं. पहिलं पुस्तक परत येईस्तोवर वाचनालय दुसरं देईना. मला वाटलं, आता वैदेही माझ्याजवळ येईल. कुठली येते! ती तुमच्याजवळ नुसती बसून राहायची, आणि तुम्ही दोघी मिळून 'पुढं काय झालं असंल' ते रचायच्या. तेव्हा तर मी आणखीच जळाले.

दीड महिन्यानं मीच हरले. पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि म्हटलं, "कोठीच्या मागं पडलं होतं."

तुम्ही ते उघडलं. पानांतून कडुनिंबाचा वाळका पाला पडला. गव्हाला कीड लागू नये म्हणून कोठीत पाला टाकणारी मीच! तुम्ही तो पाला तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"बस मंदा," तुम्ही म्हणालात, "तुले बी वाचून दाखवू का?"

भांडल्या का नाहीत हो तुम्ही? भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मले कामं पडले आहेत," आणि मागच्या दारानं निघून गेले. बारा वर्षं झाली त्याला. एकदाही तुमच्याजवळ बसले नाही.

मग तुमचा घसा धरला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजार फार पुढे गेलेला. मी रोज मुगाचं कढण करायची, चांगलं गाळून. तुम्ही दोन चमचे घ्यायच्या आणि वाटी सरकवायच्या. एक दिवस म्हणालात, "मंदा, डोळ्याले अक्षरं दिसत नाहीत. तू वाच."

"मले कुठं येते तुमच्यावानी?"

"येते तसं वाच."

तुमच्या उशाशी नवी कादंबरी होती, ती अडखळत वाचायला लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या कादंबरीतली बाई पुरणपोळ्या करायला बसली. मी भराभर वाचत होते, तर तुम्ही हात वर केला. "थांब ना. पोळी फुगू दे."

मी थांबले. तुमचे डोळे मिटलेले होते, आणि तुम्ही घुटका गिळला. त्या मरणाच्या दुखऱ्या घशानं! माझ्या हातचं दोन चमचे, आणि त्या कागदी बाईचं पोटभर? तेव्हाही जळाले मी, जाऊबाई. तुम्ही मरणाला टेकलेल्या आणि मी एका पुरणपोळीवर जळतेय.

आणि ऐका, त्या बाईनं आधी गूळ घातला आणि मग डाळ शिजवली! गूळ पडल्यावर डाळ कधी शिजते का? लिहिणाऱ्यानं जन्मात पुरण घाटलेलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुमचं तोंड इतकं निवांत दिसत होतं की मी पुढची पोळी वाचली.

पुस्तक संपण्याआधी तुम्ही गेल्या. सांगते, शेवटी ती बाई घर सोडून परगावी खानावळ काढते. चालते का नाही, ते लिहिलेलं नाही. तुम्हाला काय वाटते, चालली असेल?

तुमच्या दिवसांना आलेली वैदेही तुमचीच साडी उशाशी घेऊन झोपली. आजही तिला वाटतं, ते पुस्तक कोठीमागं पडलं होतं. तुम्ही तिला कधीच सांगितलं नाही. माझी लाज तुम्ही राखली आणि त्याचाही मला हेवा वाटतो. एवढं मोठं मन मला का नाही मिळालं?

दिवाळीला ती येतेय. वचन देते, फराळाआधी तिला समोर बसवून सगळं सांगेन. "काऊन लपवलं?" म्हणून विचारेल. सांगेन, पुस्तकाचा राग नव्हता बाई, तू मोठीआईजवळ बसायचीस म्हणून. मग ती माझ्या हातचं खाईल का उठून जाईल, तिचं तिनं ठरवावं.

तुमची धाकटी जाऊ,
मंदा