मालकाचे कुलूप नसलेली खोली

मी, फिटरची विधवा, गल्लीत सगळे जिला स्ट्रेचरवाल्या काकू म्हणतात ती, वय एकाहत्तर, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला पुष्कळ जण आले, त्यांना चहा देऊन परत पाठवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलाने एक मसुदा करून दिला होता, त्यात घराची 'मिळकत' झाली होती आणि ह्यांचे 'मयत पती'. मी शाळेत फार गेले नाही, रद्दीतल्या पुस्तकांवर वाचायला शिकले. पण वाचून वाचून एवढे कळते की ते माझे मृत्युपत्र नव्हते. म्हणून वकिलाचे शब्द लागतील तेवढेच ठेवले आहेत.

कलम १. वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि जिना माझ्या लेकीला द्यावा. ती दूर असते. फोनवर म्हणते, "आई, विकून टाक ना आणि ये इकडे. तिथे आहे काय आता?" मी म्हटले, "जिना आहे." तिने विकले तरी माझी हरकत नाही. बँकेत माझ्या दवापाण्यातून काही उरले तर तेही तिचे. धाकट्या दिरांना यात हिस्सा नाही. ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा ते टेप घेऊन तळमजला मोजत होते. "वहिनी, नुसता अंदाज घेतोय," म्हणाले. तो टेप त्यांनी आमच्याच घरातून घेतला होता. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

कलम २. पुस्तके कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला द्यावीत. निम्मी त्याच्याकडूनच आली आहेत. लोक वजनावर टाकून जात आणि तो माझ्यासाठी वेगळी काढून ठेवी. "काकू, हे जाड आहे, तुमचा पावसाळा निघेल," म्हणायचा. मी गेल्यावर त्याने ती वजनावर विकली तरी चालेल. आता कोणासाठी वेगळी काढायची?

कलम ३. तळमजल्याची रस्त्याकडची खोली. हिच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते.

या गल्लीतला एकही जिना सरळ नाही. प्रत्येकाला मधे अरुंद वळण आहे आणि रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर तिथे वळत नाही. आमच्या सासूबाईंना चादरीत घालून खाली न्यावे लागले, तेव्हा ह्यांनी कारखान्यातले तुकडे जोडून मधोमध दुमडणारे स्ट्रेचर बनवले. मग लोक मागायला येऊ लागले. मग कोणी चाकाची खुर्ची आणून दिली, कोणी वॉकर, कोणी पाण्याची गादी. गल्लीत चार भाषा बोलतात आणि एकमेकांच्या घरी कोणी फारसे जेवत नाही, पण एकमेकांच्या आजारपणाच्या वस्तू मात्र वापरत होते. हे सगळे या खोलीत असे आणि चार मंडळे ती चालवायची: ज्येष्ठांचे, महिलांचे, तरुणांचे आणि गल्लीच्या त्या टोकाला नव्याने राहायला आलेल्यांचे.

लोखंडी दाराला एक साखळी होती. तिची दोन टोके चार कुलपांनी जोडलेली, प्रत्येक कुलूप शेजारच्या कुलपात अडकवलेले. प्रत्येक मंडळाची आपापली किल्ली. चारांतले कोणतेही एक उघडले की साखळी सुटायची. परत लावताना मात्र आपले कुलूप शेजारच्या कुलपात अडकवायचे. कोणी ते थेट साखळीच्या दोन टोकांत लावले, तर बाकीची तीन नुसती लोंबकळत राहतात. बाहेरून सगळे तसेच दिसते.

घर आमचे, पण आमचे कुलूप नव्हते. मी वाद घालायचे. हे म्हणत, "मालकाचं कुलूप लागलं की बाकीचे पाहुणे होतात. आणि पाहुणा मागताना लाजतो."

शेवटच्या आठवड्यात ज्येष्ठांच्या अध्यक्षांशी ह्यांचे वाजले. चाकाची खुर्ची त्या टोकाकडून चिखलाने भरून आली होती. अध्यक्ष म्हणाले, "फिटर, या लोकांना देणं बंद करा, नाहीतर आम्ही करू." हे म्हणाले, "चाक आहे, धुता येतं." आणि तिथेच बसून त्यांनी ते धुतले.

त्या सकाळी हे दाढी करत होते. ब्रश पडल्याचा आवाज आला. स्ट्रेचरसाठी मी खिडकीतून शिंपिणीला हाक मारली. समोरची शिंपीण, महिला मंडळाची किल्ली तिच्याकडे असे. तिने धावत येऊन कुलूप उघडले, ते तिच्या हातात आले आणि साखळी तशीच. तरुण मंडळाच्या दादाने त्यांचे उघडले. त्या टोकाच्या बेकरीवाल्याने त्यांचे उघडले. तिघांच्या हातांत तीन कुलुपे आणि दार बंद. चौथे कुलूप ज्येष्ठांचे होते, थेट साखळीत लावलेले, आणि अध्यक्ष किल्ली खिशात घेऊन भाचीच्या लग्नाला परगावी गेले होते. दादाने वरून ह्यांचीच हॅकसॉ आणली. पाते तुटले, त्याचा हात फाटला. साखळी ह्यांनी निवडून आणली होती, चांगली होती.

शेवटी ह्यांना चादरीने खुर्चीला बांधून खाली नेले. वळणावर खुर्ची अडकली. शिंपिणीने डोके धरले होते. हे तिथेच गेले. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तरी कदाचित फरक पडला नसता." त्या 'कदाचित'वर मी अकरा वर्षे काढली.

शोकसभेत चारही मंडळांचे लोक बोलले. कोणी म्हणाले आधारवड, कोणी म्हणाले दीपस्तंभ. साखळीबद्दल कोणी बोलले नाही. पुढे खोलीत चार कपाटे आली आणि चार स्वतंत्र कुलुपे. चाकाची खुर्ची एका कपाटात, तिचे पाय ठेवायचे दांडे दुसऱ्यात. शौचाची खुर्ची ज्येष्ठांकडे, तिचे भांडे तरुणांकडे. हसू येते, पण बेकरीवाल्याची आई त्या भांड्यासाठी दोन दिवस थांबली. मग लोक यायचे बंद झाले. मंडळे मात्र चारही चालू आहेत आणि चौघांनाही आता कार्यालयासाठी खोली हवी आहे.

मागच्या महिन्यात अध्यक्ष स्वतः आले. "वहिनी, आम्हाला द्या. फिटरसाहेबांच्या नावाची पाटी लावू, मोठी."

"पाटी लावाल. कुलूप कोणाचं लावाल?"

"ते बघू ना, बसून ठरवू."

मी म्हटले, "भावजी, त्या दिवशी साखळी तशी लावली, ते चुकून की मुद्दाम? कोणी लावली? एवढं सांगा. काहीही सांगा. आत्ता खोली तुमच्या मंडळाच्या नावावर लिहून देते."

मी खरेच दिली असती. कागद समोरच होता. त्यांनी कप उचलला. मग म्हणाले, "वहिनी, एवढ्या वर्षांनी कशाला?" चहा संपवला आणि उठले.

तर, ती खोली कोणत्याही मंडळाला देऊ नये. लेकीने विकावी. दुकान होवो, गोदाम होवो. चारही कपाटे ज्याची त्याने उचलून न्यावीत.

कलम ४. ह्यांची हत्यारे दादाला द्यावीत, तुटलेल्या पात्यासकट. नंतर त्यानेही आपल्या कपाटाला कुलूप लावले, तेव्हा मी त्याच्याशी बोलणे सोडले. पण त्याच्या तळव्यावर तो वण आहे.

कलम ५. माझी शोकसभा घेऊ नये. खुर्च्या कोणत्या मंडळाच्या यावरून भांडण होईल.

कलम ६. ज्येष्ठ मंडळाचे ते कुलूप माझ्या कपाटात आहे. त्या संध्याकाळी अध्यक्ष लग्नाहून आले ते किल्ली हातात धरूनच. त्यांनी दार उघडून दिले आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही, कुलूप मात्र ठेवून घेतले. कुलूप त्यांना परत द्यावे. आपलीच वस्तू परत मिळणे म्हणजे वारसा नव्हे, हे वकिलाला विचारून घेतले आहे. साखळी भंगारात घालावी.

या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार तो चालत नाही. शिंपिणीला माझे शिलाई मशीन द्यायचे मनात होते, तिचे आता खडखडते. तिला अडचण सांगितली तर म्हणाली, "मला काय करायचंय ताई? माझं मशीन माझ्यापेक्षा बरं आहे. सही कुठे करू ते दाखव. पण मी माझ्याच लिपीत करणार हं." दुसरा साक्षीदार मिळेना. दादाला हत्यारे दिली, रद्दीवाल्याला पुस्तके, बेकरीवाला दुकान विकून गेला. एवढ्या मोठ्या गल्लीत उरले ते अध्यक्ष. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, पण मी त्यांना वाचायला देणार आहे. त्यांना काही लिहायचे असेल तर खाली तीन ओळींची जागा सोडते.

.......................................................

.......................................................

.......................................................

कलम ७. स्ट्रेचर. ते मी खोलीतून काढून माझ्या पलंगाखाली ठेवले आहे. मला खाली नेताना तेच वापरावे. वळणावर आधी डोक्याकडची बाजू उचलायची, मग मधली खिटी ओढून दुमडायचे. हे शिंपिणीला ठाऊक आहे, तिला बोलवावे. ज्याच्यासाठी ते वळायला हवे होते तो माणूस त्यावर गेला नाही. निदान मी जाईन.

माझे काम झाले की ते पुसून जिन्याखाली उभे करून ठेवावे. कुलूप लावू नये, पाटी लावू नये. चार दिवसांत चोरीला जाईल हे मला माहीत आहे. जाऊ दे. चोराच्या घरीही जिना असेल.

वरील मजकूर मी लिहिला, परत वाचला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण: वरचा मजला, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार

लिहून देणार: (सही) फिटरची बायको

साक्षीदार १: (सही, तिच्या लिपीत) समोरची शिंपीण. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक मंडळ. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. मजकूर पूर्ण वाचला. खाडाखोड नाही. कलम ६ खालची जागा कोरी आहे.