सिंहांचा सोफा

नाना, तुमचा सोफा परवा गेला. तिघांचा तो मोठा, आणि त्याच्याबरोबरच्या दोन खुर्च्याही. नाशिक रोडची आपली बिल्डिंग पाडून तिथे नवी उभी राहणार आहे, सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितलंय आणि आई माझ्याकडे गंगापूर रोडला राहायला आलीय. तिच्या साड्यांच्या बॅगा, देव, तुमचा फोटो आणि पोळपाट-लाटणं एवढं माझ्या गाडीत मावलं. सोफा मावणार नव्हता, आणि मावला असता तरी मी आणला नसता. हे तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही तो घेतलात तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही नुकतेच रेल्वेतून रिटायर झाला होतात. आईनं तुम्हाला मैदानावरच्या फर्निचरच्या प्रदर्शनात चपलांचा स्टँड बघायला पाठवलं होतं. तुम्ही स्टँडशिवाय परत आलात, हातपाय धुऊन ताटावर बसलात आणि आमटी वाढून घेता घेता म्हणालात, "एक सोफा सांगून आलोय." आई म्हणाली, "कसला?" तर म्हणे, "आल्यावर बघ." आला तेव्हा अख्खी कॉलनी गॅलरीत उभी. गडद मरून मखमल, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी, पाठीवर पिसारा फुलवलेला लाकडी मोर, आणि दोन्ही हातांच्या टोकांना तोंड वासलेले सिंह. सिंहांना दात होते, आणि दातांना वेगळा पांढरा रंग दिलेला होता. दाराची चौकट काढल्याशिवाय तो आत येईना. सुताराला बोलावलं, चौकट निघाली, सोफा आत आला आणि आपला हॉल संपला. त्यानंतर कपाटाचं एक दार कधीच पूर्ण उघडलं नाही. किंमत तुम्ही बरेच दिवस सांगितलीच नाहीत. सांगितलीत तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यात स्कूटर आली असती." तुम्ही म्हणालात, "स्कूटरवर पाहुणे कुठे बसवतेस?"

मी तेव्हा इंटिरियरचा कोर्स संपवून कॉलेज रोडच्या एका ऑफिसात लागले होते. रंग कसे बोलतात, रिकामी जागा किती महत्त्वाची, असलं सगळं डोक्यात ताजं होतं. संध्याकाळी घरी आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "नाना, राज्याभिषेक कधी आहे?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. तेव्हापासून तो सोफा 'दरबार' झाला. मावशी आली की विचारायची, "दरबारात बसू का बाहेर थांबू?" मी प्रत्येक दिवाळीला नवीन काहीतरी काढायची. सिंहाच्या तोंडात फराळाचा लाडू ठेवायचा, मोराला हळदीकुंकू लावायचं. भाऊबीजेला सगळे जमले की माझा तो कार्यक्रमच असायचा. पण तुम्ही काही ऐकून घेणारे नव्हतात. माझं लग्न झालं, आम्ही हा फ्लॅट घेतला, मी तो माझ्या मनासारखा सजवला. भिंती राखाडी, सोफा राखाडी, पडदे त्याहून जरा फिकट राखाडी. तुम्ही पहिल्यांदा आलात, सोफ्याच्या कडेला गुडघे जुळवून बसलात आणि थोड्या वेळानं आईला विचारलंत, "आपला नंबर कितवा आहे गं? डॉक्टर आलेत का?" माझा नवरा हसून हसून लाल झाला. तुमच्या सोफ्यापेक्षा माझा महाग होता, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तुम्ही तो का घेतलात, याचा मी मधून मधून विचार करायची. तुम्ही गेल्यावर तर फारच. वाटायचं, काहीतरी कारण असणार. तिकिटाच्या खिडकीमागे जन्म काढलेला माणूस, त्याला एकदा तरी ऐटीत बसावंसं वाटलं असेल. पण तुमच्या ऑफिसातली खुर्ची तर तुम्हाला आवडायची, घरी येऊन तिचं कौतुक करायचात. लहानपणी कुणा सावकाराच्या घरी असा सोफा पाहिला असेल, असंही मी आईला एकदा म्हटलं. आई म्हणाली, "कसला सावकार? त्यांना तो सुंदर वाटला. मला म्हणाले, असं कोरीवकाम मी पाहिलं नाही." एवढंच. तुम्हाला तो आवडला होता. मला हेच इतकी वर्षं सुचलं नव्हतं, कारण तो कुणाला आवडू शकतो हेच मला पटत नव्हतं.

मी स्वतःचं ऑफिस उघडलं त्या दिवशी तुम्ही रिक्षातून एक मोठं चित्र घेऊन आलात. समुद्रातून धावत येणारे सात पांढरे घोडे, सोनेरी चौकट, आणि मागे बल्ब. बटण दाबलं की सूर्य उगवायचा. तुम्ही घामाघूम झाला होतात, कारण रिक्षात ते आडवं मावत नव्हतं आणि तुम्ही सबंध रस्ता ते हातात उभं धरून आला होतात. "दुकान आहे, लक्ष्मी पळत आली पाहिजे," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "छान आहे, लावते." पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मी गिऱ्हाइकांसोबत बसले होते. तुम्ही समोरच्या भिंतीकडे पाहिलंत, बाजूच्या भिंतीकडे पाहिलंत आणि चहा प्यायला आतल्या ओट्यापाशी गेलात. तिथे पिण्याच्या पाण्याच्या जारमागे घोडे टेकवून ठेवले होते. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "घोड्यांना पाणी जवळ आहे, हे बरं केलंस." मी हसले. तुम्ही हसलात की नाही, ते मला आठवत नाही. मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न करते.

मग तुमचा दमा वाढला. आडवं पडलं की श्वास अडायचा, म्हणून तुम्ही रात्रंदिवस सोफ्यावर बसून राहायला लागलात. मोराची चोच पाठीला टोचते म्हणून आईनं मागे उशा लावल्या. मला ते बघवेना. मी शोरूममधून बटणावर चालणारा रिक्लायनर आणला, अर्थातच राखाडी. तुम्ही कौतुकानं बसलात, बटण दाबलंत, पाय वर गेले, पाठ मागे गेली आणि तुम्ही म्हणालात, "वा, विमान आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली ती दोन तास आली नाही, आणि तुम्ही पाय वर करून तसेच अडकलात. आई एकटी होती, तिला काही ते खाली करता येईना. तिनं मला फोन लावला, मागून तुमचा आवाज, "तिला म्हणावं, सिंहांनी मला कधी असं धरून ठेवलं नव्हतं." मी गाडी घेऊन धावले, शेजारच्या काकांनी आणि मी मिळून तुम्हाला उचललं. तुम्ही आपणहून सोफ्याकडे गेलात, बसलात, सिंहाच्या डोक्यावर हात ठेवलात आणि डोळे मिटलेत. त्यानंतरचे सगळे दिवस तुम्ही तिथेच काढलेत. शेवटचाही.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी घर आवरायला मी एकटी गेले होते. हॉल रिकामा, मध्ये फक्त तो आणि त्याच्या दोन खुर्च्या. माझ्या कामाचं एक पेज आहे नाना, त्यावर मी लहान लहान व्हिडिओ टाकते, घर सजवताना लोक काय चुका करतात ते सांगते. हल्ली कामं बरीचशी त्यावरूनच येतात. मी फोन काढला आणि भाऊबीजेचा माझा कार्यक्रम केला. सगळाच. राज्याभिषेक, दरबार, पांढरे दात. सिंहाच्या तोंडात चावी अडकवून दाखवली. म्हणाले, "हा सोफा नाही, ही सोनेरी चूक आहे." लोकांना तो माझ्या आजवरच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त आवडला. खाली लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी विचारलं, "हे घर कुणाचं?" मी लिहिलं, "एका जुन्या क्लायंटचं."

आईला तो व्हिडिओ तिच्या भजनाच्या ग्रुपमधल्या बाईंनी दाखवला. मी ऑफिसातून आले तर ती माझ्या राखाडी सोफ्यावर बसलेली, दिवा न लावता. मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, "तू त्यांच्या तोंडावर हसायचीस, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ते तुला पुरून उरायचे. आता तुला उत्तर कोण देणार?" मी दिवा लावला. मग ती म्हणाली, "आणि क्लायंट कोण गं?" मी म्हटलं, "आई, ते सहज लिहिलं. धंद्यात तसं सांगता येत नाही." ती म्हणाली, "हो. धंद्यात. तू एकदा त्या तुझ्या मोठ्या गिऱ्हाईक बाईंना आमच्याकडे चहाला आणणार होतीस ना, त्या दिवशी सकाळपासून नानांनी सोफ्यावर चादर अंथरली होती. कडा नीट खोचून, सिंहसुद्धा झाकून. मी विचारलं तर म्हणाले, तिच्या धंद्याचा प्रश्न आहे."

मला ती चादर आठवते नाना. निळ्या चौकटींची. मी दारातून आत आले, ती पाहिली आणि मनात म्हटलं, सुटले. आईनं धुळीसाठी घातली असेल असंच मी धरून चालले होते. त्या बाई चादरीवर बसल्या, पोहे खाल्ले, तुमच्याशी रेल्वेच्या गप्पा मारल्या आणि गेल्या. तुम्ही त्या दिवशी एकही विनोद केला नाहीत.

सोफ्याचं काय करायचं ते कळेना. जुनं सामान घेणारा येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, फुकट दिला तरी ठेवू कुठं?" मग त्याच व्हिडिओखाली कळवणहून एका माणसानं विचारलं, "ताई, विकायचा हाय का? घरच्यांना लय आवडला." मला वाटलं चेष्टा करतोय. परवा तो पिकअप घेऊन खरंच आला, बायको आणि दोन भाऊ बरोबर. आई म्हणाली, मीही येणार. ती बाई आत आली, चप्पल दारात काढली आणि आधी मोरावरून हात फिरवला, मग सिंहांवरून. नवऱ्याला म्हणाली, "हे कोरलेलं हाय सगळं. साचा नाय." तो म्हणाला, "आपल्या हॉलमधी शोभंल ना?" ती म्हणाली, "शोभंल काय, उठून दिसंल." आईनं पैसे घेतले नाहीत. तिनं फक्त विचारलं, "खरंच आवडला ना?" ती बाई जराशी गोंधळली. म्हणाली, "म्हंजे काय, मावशी. येवढ्या लांब उगंच आलो का?" मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "कुनाचा व्हता हो?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा. त्यांनी हौसेनं घेतला होता." त्या बाईनं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "आमी जपू." चौकट पुन्हा काढावी लागली. चौघांनी तो जिन्यावरून तिरका करून उतरवला, पिकअपमध्ये दोरांनी बांधला, आणि आई तिथेच उभी राहून त्यांना मखमल कशी पुसायची ते सांगत राहिली. कोरड्या फडक्यानं, एकाच दिशेनं. घरी परत येताना गाडीत ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलली. म्हणाली, "तो व्हिडिओ काढून टाकलास ना?" मी म्हटलं, "हो, त्याच दिवशी काढून टाकला."

हे मी ऑफिसात बसून लिहितेय, आणि कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते. तो व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्यावरून दोन घरांची कामं आलीत, तिसऱ्याची बोलणी चाललीत. क्लायंटचं म्हणून लिहिलं होतं, तेही तसंच आहे. मी फक्त आईला आणि त्या भजनाच्या बाईंना तो दिसणार नाही अशी सोय केलीय.