पांढरकवड्यात जेवाले कुठं

१४ नोव्हें. ६१, पांढरकवडा
शाळेत दिवसभर शुद्ध बोलून जबडा दुखला. वहीत तरी आपली बोली. खोली मिळाली, पण स्वयंपाक बंद. खाली कापसाच्या गाठी. मालक म्हणे, बाई, एक काडी ओढली तं अर्धं गाव पेटन. त्याचंही बरोबरच आहे. पण मी जेवू कुठं? दोन दिवस मुरमुरे अन् गूळ. निघताना बाबानं सांगतलं, खाण्यापिण्याचे हाल झाले तं नोकरी सोड अन् ये. गेली की लग्न लावून देतील. नाही जाणार.

१६ नोव्हें.
मोटारस्टँडवरचं हॉटेल. सारे माणसं. मले पाहून भज्यावरचे हात थांबले. मालक विचारते, संगं कोणी नाही? मंग लाकडं ठेवायच्या खोलीत बसवलं. भजे चांगले होते, खोटं कायले बोलू. पण रोज लाकडासंगं कोण जेवन?
नंतर पेठेतलं भोजनालय. सारवलेलं, स्वच्छ. गृहस्थानं आडनाव विचारलं. सांगतलं. बौद्ध आहो हेही सांगतलं. जागा नाही म्हणे. चार पाट रिकामे दिसत होते. येतायेता मनात अशा शिव्या देल्या की हेडबाईनं ऐकल्या असत्या तं नोकरीच गेली असती.

१८ नोव्हें.
सापडली जागा! जिनिंगजवळ, कापसाच्या गाड्या उभ्या राहतात तिथं. बांबूच्या टट्ट्याचं छप्पर, खाली गाडीवानांची पंगत. चालवणारी कुणब्याची विधवा, सारे मावशी म्हणतात. तिनं ना आडनाव विचारलं, ना गाव. नुसतं म्हणे, भूक लागली का बाई, बस. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी. डोळ्यात पाणी आलं, तिखटानं नाही. संध्याकाळसाठी दोन भाकरी फडक्यात बांधून देल्या. तिचं भलं होवो.
उठताना आपलं ताट आपणच राखेनं घासलं, बाजूले पालथं ठेवलं. आईची शिकवण. कोणी म्हणायच्या आधीच घासावं, म्हणजे ऐकावं लागत नाही.

२७ नोव्हें.
रोज जाऊन राह्यली. काल पातोडीची भाजी होती, बोटं चाटली. अंगाले लागून राह्यलं जेवण.
पण मावशी दोन-तीन दिवस झाले गप्प. मी ताट घासते तं टक लावून पाहते. वाढते, पण तोंडाकडं पाहत नाही. तिले कळलं वाटते. मी लपवलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. ही जागा गेली तं नोकरीही गेली समज.

४ डिसें.
आज मावशी फुटली. मी ताट घेऊन राखेजवळ गेली तं हातातून हिसकलं.
"माह्या घासलेल्या ताटात तुले कोनती घान दिसते? मास्तरीन झाली म्हून?"
अगं माय! तिले वाटे मीच तिच्या भांड्याचा विटाळ मानते, म्हणून आपलं ताट वेगळं घासून ठेवते. दहा दिवस ती रुसून अन् मी भिऊन. हसू का रडू कळे ना. सांगून टाकलं, आम्ही बौद्ध, पाच वर्षं झाली. त्याआधी काय होतो ते तुमाले ठाऊक आहे. आमचं उष्टं ताट कोणी उचलत नाही, म्हणून घासते.
मावशी भाकरच थापत राह्यली. मी चपला शोधू लागली.
"खानावळ माही, ताटं माही," म्हणे. "मीच घासन."
घासलं, अन् बाकीच्या ताटांत ठेवून देलं. कोणतं माहं, आता मलेही ओळखू येत नाही.
खोलीवर आईले पत्र लिहिलं. बाबा वाचून दाखवतील. लिहिता लिहिता रडली, चांगलं वाटलं.

५ डिसें.
काल तिघं गाडीवान ऐकत होते. आज ते पंगतीत नाही. समोरच गाडीखाली चूल मांडून बसले. मावशीच्या भाकरी उरल्या. मी म्हटलं, तुमचं पोट यावर आहे, उद्यापासून मी येत नाही. तिनं ताटात एक भाकर जास्त टाकली.

७ डिसें.
तरी जाऊन राह्यली. ते तिघं गाडीखालीच. बाकीचे बसले, पण माह्या दोहीकडं हातभर जागा सोडून. एक म्हातारा मात्र सरकून जवळ आला, चटणी मागितली. नाव विचारायचं राहून गेलं. त्याचे उपकार झाले.
उद्या कापसाचा बाजार. गाड्याच गाड्या येतील, वर्षाची कमाई मावशीची. मी म्हटलं, उद्या शाळा सुटल्यावर येईन, सारे गेल्यावर. तिनं लाकूड चुलीत सारलं. म्हणे, मधल्या सुट्टीतच ये, सारे असन तवा.
मी विचारलं, अन् माह्यापाई पंगत उठली तं?
"उठन तं उठन," म्हणे. "तू नको उठू."