पेटीचं दुकान शोधत येणारी माणसं

बाबूजी,

आज सकाळी दुकानाची पाटी उतरवली. वरचे दोन खिळे गंजून बसले होते, निघेनात, म्हणून शेवटी पाटीच वाकवावी लागली. जागेचा मालक चांगला माणूस आहे. तो म्हणाला, राहू द्या दिवाळीपर्यंत. पण दिवाळीपर्यंत ठेवून काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आत आता एकच हार्मोनियम उरली आहे, तुम्ही शेवटची सुरात लावलेली, आणि सूर घासायची एक कानस. तुम्ही गेल्याला पंधरा वर्षं होतील. काही चांगलं घडलं की तुम्हाला लिहू, असं म्हणत मी थांबले होते.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचा एक दिवस मला नीट आठवतो. सडक अर्जुनीकडच्या एका गावात मंडईची जत्रा भरली होती. तुम्ही दोन पेट्या सुतळीनं बांधून एसटीच्या टपावर चढवल्या आणि मी हट्ट धरला म्हणून मलाही सोबत घेतलं. मी तेव्हा बारावीत. एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला नाटकाचा मंडप, मधल्या आंब्याखाली तुम्ही सतरंजी टाकून वाजवायला बसता. पाहता पाहता गर्दी जमते. बायका लेकरं कडेवर घेऊन उभ्या राहतात, एक म्हातारा पुन्हा पुन्हा तेच भजन वाजवायला लावतो, तुम्ही वाजवता. ऊन उतरेपर्यंत माणसं येत राहतात, जात राहतात. पेटी एकही विकली जात नाही. परतीच्या गाडीत मी चिडून म्हणते, "दिवसभर फुकटचं वाजवलं. एकानं तरी भाव विचारला का?" तुम्ही हसता. "ते मंडई पाह्यले आले होते बाई, पेटी घ्याले नाही." "मंग आपण कायले गेलो?" "मले वाजवाले आवडते म्हणून." मग तुम्ही म्हणता, "आपलं गिऱ्हाईक मंडईत नसते. ज्याचा सूर भजनाच्या मधातच बंद पडला, तो आपला. तो शोधत येते. त्याले आपण सापडलो पाह्यजे, एवढंच."

त्यासाठीच तुमच्या चिठ्ठ्या होत्या. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पेटीच्या पोटात, सुरांच्या फळीमागे, तुम्ही आपल्या पत्त्याची एक चिठ्ठी चिकटवत होता. बाहेरून ती कोणालाच दिसायची नाही. पेटी बिघडली आणि कोणी ती उघडली, तरच दिसणार. आई चुलीवर मैद्याची खळ शिजवायची आणि मी तिच्या बाजूला पाटावर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर पत्ता लिहायचे. एकदा परीक्षेच्या घाईत मी वीस-पंचवीस चिठ्ठ्या भराभर खरडल्या. तुम्ही चष्मा लावून एक पाहिली आणि सगळा गठ्ठा चुलीत टाकला. "हे कोण वाचन? पेटी उघडून बसलेला मानूस आधीच परेशान राह्यते. त्याच्या डोक्स्याले आणखी ताप कायले देतं?" मी रडवेली झाले. आई म्हणाली, "जाऊ दे, चूल तरी चांगली पेटली." मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी तुम्ही गेलात.

दुकान मी चालवलं असं म्हणणं बरोबर नाही. चालवलं ते काकांनी. तीस वर्षं तुमच्यासोबत एकाच सतरंजीवर बसून ते भाते शिवत होते, तुम्ही गेल्यावर सूरही तेच लावू लागले. मी सकाळी फुलचूरच्या क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचे आणि दुपारी दुकानात बसायचे. गावोगावची भजनी मंडळं कमी झाली, नाटकवाल्यांनी कीबोर्ड घेतले, तेव्हा मी वेबसाइट केली. तुम्ही कॉम्प्युटर पाहिला नव्हता, म्हणून कसं सांगू? मला तरी ती तुमच्या चिठ्ठीसारखीच वाटली. दोनच पानं होती. एकावर तुमचा फोटो, गावाचं नाव, फोन नंबर. दुसऱ्यावर काकांनी दुरुस्त करून विकायला ठेवलेल्या जुन्या पेट्या. माणूस कुठून आला, काय शब्द लिहून शोधत आला, हे मला मागच्या बाजूनं दिसायचं. 'हार्मोनियम का भाता फट गया.' 'पेटीची काळी पट्टी दबून राहिली.' 'जुनी पेटी विकत पाहिजे.' आठवड्याला चार-पाच जण, जास्त नाही. पण त्यातले दोघं तरी फोन करायचे, आणि फोन केलेला माणूस बहुधा यायचा. रायपूरहून आले, बालाघाटहून आले. मी शब्द वाचून दाखवले की काका मान डोलवायचे. "हा खरा दुखनेकरी. येऊ दे त्याले."

ते तसंच ठेवायला पाहिजे होतं. पण चार-पाचांवर समाधान होईना. आमच्या ह्यांनी सुचवलं, सोशल मीडियावर टाकून पाहा. मी काकांचा सूर लावतानाचा व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तो हजारो लोकांनी पाहिला. मी इतकी माणसं एका जागी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. कोणी लिहिलं, वाह काका. कोणी लिहिलं, आमच्या आजोबांची आठवण आली. त्यातले पुष्कळ जण वेबसाइटवर यायचे, एक पान पाहायचे आणि निघून जायचे. मला वाटलं, आज नाही तर उद्या घेतील. मग दर रविवारी नवा व्हिडिओ. काकांना धुतलेला कुर्ता घालून बसवायचं, खिडकीकडे तोंड करायला लावायचं. काका वैतागायचे. "काऊन व बाई, मले दाखवून राहिली का पेटी विकून राहिली?" मी हसण्यावारी न्यायचे. वर्षभरात त्या हजारोंमधून एकही पेटी गेली नाही. मंडई माझ्या डोळ्यांसमोर होती, बाबूजी, आणि मला ती ओळखू आली नाही.

त्याच वर्षी माझा मोबाईल हरवला आणि नंबर बदलला. नवा नंबर मी लगेच सोशल मीडियावर टाकला, कारण माझं सगळं लक्ष तिथंच होतं. वेबसाइटवर जुनाच राहिला. आठ महिने राहिला. मध्ये फोन कमी झाले तेव्हा मी समजले, लोकांना आता पेट्याच नको आहेत, आणि आणखी व्हिडिओ केले.

मग एका दुपारी आमगावकडचा एक माणूस मोटरसायकलच्या मागे पेटी बांधून आला. दारातूनच म्हणाला, "फोन काऊन नाही उचलत जी तुम्ही? दीड महिन्यापासून लावून राहिलो." मी विचारलं, कोणता नंबर? "मोबाईलवर सर्च केलं का तुमचीच वेबसाइट येते. त्यातला. आमच्या मंडळाची पेटी बंद पडली, सप्ताह तसाच गेला. मंग म्हटलं, खोलून तर पाहू. तर आतमधी चिठ्ठी भेटली." त्यानं पेटी सतरंजीवर ठेवून उघडली. फळीमागे चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. "मोत्यासारखं अक्षर आहे," तो म्हणाला, "कोणाचं जी हे?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "हिचंच. तवा हिले अक्कल होती."

मी त्याच दुपारी नंबर दुरुस्त केला. उपयोग झाला नाही. त्या आठ महिन्यांत किती जणांनी बंद नंबर लावला ते मला मोजता येत नाही. त्यांना दुसरीकडची दुकानं सापडली असतील. पुढे पुढे शोधलं तर आपलं पान खाली, आणखी खाली जाऊ लागलं. मी क्लासमध्ये शिकवते तेवढं सगळं करून पाहिलं, पण ते वर आलं नाही. सोशल मीडियावरही लोक दुसरं काही पाहायला निघून गेले. दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून राहिलो. काकांना बारीक सूर ऐकू येईनासे झाले, ते त्यांनी माझ्यापासून लपवलं आणि मला कळलं हे मी त्यांच्यापासून. गेल्या वर्षी ते लेकीकडे बालाघाटला गेले. जाताना कानस इथंच ठेवून गेले. म्हणाले, "कोणी आलं तर मले बोलाव. मी येतो गाडीनं."

दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, "कोनी शोधत आलं का व?" मी सांगते, "हो काका, ह्या आठवड्यात एक जण आला होता." ते विचारतात, "काय लिवलं होतं त्यानं?" मी सांगते, पेटी दुरुस्ती गोंदिया. ते म्हणतात, "येईन मंग तो. पेटीवाला मानूस लगेच नाही येत. आधी घरीच ठोकून पाह्यते." आणि फोन ठेवतात.

ह्या महिनाअखेर वेबसाइटची मुदत संपते. मी ती वाढवणार नाही. उरलेल्या पेटीत आज चिठ्ठी पाहिली, तुमच्याच हातानं चिकटवलेली. नखानं काढायला गेले, पण निघाली नाही, तशीच राहू दिली. कोणी ही पेटी उघडलीच तर ह्या पत्त्यावर येईल आणि त्याला बंद शटर दिसेल. हे पत्र मात्र तिच्यात ठेवत नाही.

काकांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याशी खोटं बोलायला नको म्हणून दर शनिवारी मीच ते तीन शब्द लिहून शोधते. पानांमागून पानं खाली जावं लागतं. मग आपलं पान सापडतं, उघडलं की तुमचा फोटो येतो. मी जरा वेळ थांबते आणि बंद करते. आठवड्याला येणारा तो एक जण मीच आहे.