स्वेटरखालचा रोबो

१२ मे, सकाळी
मुलगा शनिवारी येतोय, नातीला घेऊन. त्याचा रोबो त्याला परत द्यायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. एकोणतीस वर्षं माझ्या कपाटात स्वेटरखाली आहे. लपवला असं नाही म्हणता येणार. जपला.

तेव्हा तो दहा वर्षांचा. रविवारचं कार्टून आणि हा लाल ट्रक, ज्याचा बघता बघता माणूस व्हायचा. अभ्यास शून्य. परीक्षेपुरता उचलून ठेवला. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, हरवला असेल. रिझल्टनंतर देणारच होते.

पण सगळ्यांचा संशय माझ्या भाच्यावर गेला, शेवटचा तोच खेळला होता म्हणून. बहिणीनं त्याला बदडलं. तो परत आमच्याकडे राहायला आला नाही. तसाही मुलांना मोठेपणी वेळ कुठे असतो?

१३ मे
प्लॅन पक्का. मुलगा दारातून आला की टेबलावर रोबो उभा. तो हसेल. हसण्याच्या भरात मी सगळं सांगून टाकीन. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, खरं सांगायला एक मिनिट लागतं. एका मिनिटाचंच काम.

फक्त ट्रकचा रोबो करायचा आहे. कधी केला नाही, पण मी एम.ए. आहे.

१४ मे, दुपारी
व्हिडिओ पाहिला. एक सात-आठ वर्षांचा मुलगा चाळीस सेकंदांत करतो. मी थांबवत थांबवत दोन तास केलं. एक हात बाहेर आला. आता तो ट्रकही नाही, माणूसही नाही. प्रगती आहे.

हे चहाला आले, म्हणाले, हा खेकडा कुठून आणलास? मग चष्मा लावून म्हणाले, अगं, हा तर हरवला होता ना? म्हटलं, सापडला.

१६ मे
नख तुटलं. छातीचं झाकण उघडत नाही. कंपनीचाच दोष असणार.

दरम्यान, बहिणीला आधी सांगावं असं ठरवलं. दुपारी ती झोपते. पाचला तिची सिरियल असते. सातनंतर तिचा आवाज थकलेला वाटतो. अशा वेळी जुने विषय काढणं बरं नव्हे.

१७ मे, सकाळी ११
प्लॅनमध्ये छोटा बदल. खेकडा पुन्हा कसाबसा ट्रक केला आणि सोफ्याखाली सरकवला. नातीला सापडेल. आपोआप सापडला तर कुणी काही सांगायचा प्रश्नच येत नाही.

१७ मे, संध्याकाळी
सापडला. नात म्हणाली, आजी, आधी मान वर काढायची असते. दोन मिनिटांत उभा केला. छातीचं झाकण उघडलं आणि आतून घडी घातलेला कागद पडला. रेघांच्या वहीचा.

अक्षर मुलाचं, दहा वर्षांचं. 'आई, तू कपाटात ठेवलास ते मला कळलं. मी मागणार नाही. पण त्यानं नाही घेतला, एवढं मावशीला सांग.'

मुलानं कागद हातात घेतला. मग म्हणाला, अजून आहे का हा? मी रोज वाट बघायचो गं. वाटलं, तू वाचलंस आणि तरी बोलली नाहीस. मग मावशीला तुझं नाव मी कसं सांगणार?

मी म्हणाले, मला तो उघडताच आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ खरं कारण होतं. तो म्हणाला, बरं. आणि नातीला आईस्क्रीम आणायला घेऊन गेला.

१८ मे, सकाळी ९
बहिणीला फोन केला. भाच्याचा नंबर मागितला. ती म्हणाली, आज अचानक कशाला गं?

म्हटलं, सहज.

तिनं दिला. दोनदा सांगितला, मी नीट लिहून घ्यावा म्हणून.