बाल्कनीतलं टेबल

१२ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

रक्तदानाला गेलो आणि तोंड लपवत परत आलो. रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. गिऱ्हाइकांची कपाटं बाजूला सारून आधी स्वतःसाठी टेबल केलं, बाल्कनीत मांडलं. माझं ताट-पेला आता तिथेच. तुझी वहिनी म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर केलेलं काम, तेही माझ्यापासून लांब बसायला. लेक बाळाला घेऊन येणार होती, तिला नको म्हणून कळवलंय. तू यकृताची डॉक्टर. किती दिवस उरले ते खरं सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

२० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाल्कनीतले फार दिवस उरले नाहीत, एवढं नक्की. हा विषाणू ताटातून, पेल्यातून किंवा बाळाला कुशीत घेतल्याने पसरत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. दाढीचं ब्लेड आणि दातांचा ब्रश तेवढा वेगळा ठेव. वहिनी आणि लेक दोघींनी तपासून घ्यावं, लागेल तिने लस घ्यावी. बाळाच्या लसी चुकवायच्या नाहीत.

विषाणू आत आहे, एवढंच तुला कळलंय. तो गप्प पडून आहे की यकृत पोखरतोय, हे अजून कळायचंय. विषाणूंची मोजणी आणि यकृताची एसजीपीटी चाचणी करून पाठव. लेकीला आजच बोलाव.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी छोटी

८ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

एसजीपीटी नॉर्मल, विषाणूही नावालाच. म्हणजे मी नुसता वाहक, सुटलो. आता पुन्हा सुई टोचून घेणार नाही. लेकीला बोलावलंय, पण बाळाला मी लांबूनच बघेन. मन धजत नाही.

आठवण ठेव.
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एका निकालावर सुटत नाही कुणी. पोखरणारा विषाणूही अधूनमधून शांत दिसतो आणि मग उसळतो. वर्षभर, दर तीन महिन्यांनी तपासायचं. माझं कपाट तू वर्षभर केलं नव्हतंस. फळीला सगळे ऋतू बघू दे, मगच ती वाकणार की नाही ते कळेल, म्हणालास. माझ्या साड्या वर्षभर खुर्चीवर होत्या. आता माझी पाळी.

बाळाबद्दल मात्र वाट बघायचं काहीच कारण नाही.

नेहमीसारखीच भांडकुदळ,
छोटी

२ फेब्रुवारी, पुढचं वर्ष

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा शेरा मिळाला: निष्क्रिय वाहक. वहिनी म्हणते, निष्क्रिय हे तिला लग्नापासून ठाऊक होतं, त्याला वर्षभर रक्त कशाला काढायचं. यापुढेही नेमाने तपासायचं लिहिलंस, ते कबूल. फळीच्या बाबतीत तुझ्याशी वाद घालून मी तोंडघशी पडेन.

बाळाने मात्र निकालाची वाट बघितली नाही. पावसाळ्यात आलं तेव्हा रांगत रांगत बाल्कनीत शिरलं आणि माझ्या टेबलाखाली डोकं आपटून रडायला लागलं. सगळे आत होते. उचलावंच लागलं. मग खाली ठेवायचं सुचेना.

टेबलाचे पाय अर्धे कापलेत. आता बाळ आलं की त्यावर त्याची वाटी असते. मी शेजारी जमिनीवर बसतो, आणि ते त्याच्या चमच्याने मला भरवतं.

कधी येतेस ते कळव.
तुझा दादा