त्या सकाळच्या आकड्यात

अण्णा,

टीव्हीवर पुन्हा ती पट्टी आली आहे. देशात गेल्या चोवीस तासांत इतके नवे बाधित, इतके बरे, इतके मृत. या वेळी आकडे लहान आहेत, बातमी सांगणारी मुलगीही ते भरभर वाचून पुढे जाते, पण आईने मेथी निवडता निवडता मान वर केली आणि विचारलं, "आता कोण भरतं गं ते?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी." तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेलात त्याला विसाच्या वर वर्षं झाली. तुम्हाला ती साथ ठाऊक नाही, म्हणून तेवढं आधी सांगते. एक विषाणू आला, सगळा देश दारं लावून घरात बसला, आणि रोजच्या रोज दिल्लीहून देशाचा आकडा सांगितला जाऊ लागला. त्या आकड्यातला पनवेलचा चिमूटभर भाग मी भरत होते. एका आरोग्य केंद्रात, ठेकेदारामार्फत, डेटा एन्ट्रीच्या कामाला. संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवरून आकडे जिल्ह्याला जायचे, तिथून राज्याला, तिथून दिल्लीला. आई गॅलरीतून शेजारणीला सांगायची, "आमच्या हिचे आकडे दिल्लीला जातात." जसं काही मी लोणचं धाडत होते.

दुसऱ्या लाटेत तळोज्याकडच्या एका गावातले एक वयस्क गृहस्थ घरीच गेले. दोन दिवस आधी त्यांच्या नाकातला नमुना घेतला होता. त्याचा रिपोर्ट ते गेल्यावर तीन दिवसांनी आला, आणि त्यात पॉझिटिव्हही नाही, निगेटिव्हही नाही. निष्कर्ष निघत नाही, नमुना पुन्हा घ्यावा, एवढंच. कोणाचा घ्यायचा? त्यांना अग्नी देऊन झाला होता. मी स्क्रीनसमोर बसून राहिले. बाधितांत टाकू की मृतांत? मृतांत टाकलं तर कोणत्या चोवीस तासांतले? डॉक्टरांकडे गेले. माणूस चांगला होता, चार दिवस घरी गेला नव्हता, खुर्चीतच डोळे मिटून बसला होता. म्हणाले, "मृत्यू तपासणारी समिती ठरवेल. तोवर प्रलंबित ठेवा." मी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देशाचा आकडा आला तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी केला. आईला वाटलं माझं डोकं दुखतंय.

आठवड्याने त्यांची सून आली. खिडकीच्या काचेपलीकडे, पदर तोंडावर दाबून. "ताई, टीव्हीवर रोज सांगतात, येवढी माणसं गेली म्हणून. त्यात आमचे मामा हायत का नाय?" सासऱ्यांना ती मामा म्हणत होती. मला वाटलं, दाखला हवा असेल. मी अर्ज कुठे मिळतो ते सांगायला लागले. तिने हात हलवला. "कागद नको मला. गावात बोलतात, करोना बिरोना काय नाय, सुनेनी बघितला नाय म्हणून म्हातारा गेला. मी रात्रंदिवस पायाशी बसलेली, ताई. सरकारनी धरला असेल तर सांगा, मी तोंडावर सांगीन सगळ्यांना."

त्या खिडकीशी मला तुमच्या कंपनीच्या गेटवरची पाटी आठवली. 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे. रोज सकाळी ते बदलणं तुमचं काम. मी असेन दहा वर्षांची. तुम्ही डबा विसरला आहात आणि शेजारच्या काकांच्या स्कूटरवरून मी तो घेऊन आले आहे. तुम्ही मला स्टुलावर उभं करता, पत्रा हातात देता, म्हणता, "लाव. आज तू लाव." हाताला ऊन पत्रा लागतो. कंपनीचा दिवस मी उजाडवला असं वाटतं मला. वाढदिवसालासुद्धा तुम्ही कधी मला इतकं मोठं काही दिलं नव्हतं. त्याच महिन्यात आपल्या आळीतल्या एका कामगाराच्या पायावर तिथे ॲसिड सांडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी विचारलं, "मग आज शून्य लावलं?"

"नाही. एक वाढवला."

"का?"

"तो ठेकेदाराचा माणूस. कंपनीच्या मोजणीत येत नाही."

"पण भाजला तर कंपनीतच ना?"

तुम्ही ताट सरकवलंत. "तुला कोणी विचारलं? आकडा लावायचा असतो. त्याला प्रश्न विचारायचे नसतात." आई पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. तुम्ही अर्धी भाकरी टाकून उठलात आणि बराच वेळ मोरीत हात धूत होतात. इतकी वर्षं मी समजत होते, तुम्ही माझ्यावर रागावला होतात.

मी त्या बाईला म्हटलं, "हो. आहेत त्यात."

तिने काचेवर तळवा टेकवला आणि गेली. नंतर त्या गावच्या आशा सेविका सांगत होत्या, तेराव्याला सगळ्यांसमोर उभी राहून ती म्हणाली, मामा देशाच्या आकड्यात हायत, तिकडे सरकारला जाऊन विचारा. त्यानंतर कोणी बोललं नाही म्हणे. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण अण्णा, मला समजत नाही. तुम्ही जे लावलंत ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मी जे बोलले ते खरं ठरेल की खोटं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही घर चालावं म्हणून लावलंत, मी एका बाईला गावात मान वर करता यावी म्हणून बोलले. म्हणून मी तुमच्यापेक्षा बरी का? की तुमच्यासारखीच? मी स्वतः ठेकेदाराची माणूस होते, मला काही झालं असतं तर मी कोणाच्या मोजणीत आले असते, हेही मी कधी विचारलं नाही. तुमच्यावर रागवावं म्हणून हे लिहायला बसले आणि मधेच तुमची कीव यायला लागली. मग ही कीव नक्की कोणाची, तेही कळेना.

काही महिन्यांनी एके सकाळी देशाचा आकडा एकदम फुगला. जुने राहिलेले मृत्यू धरले होते. आई टीव्हीपुढे हातात कप घेऊन उभी. "अगं, एका दिवसात इतकी माणसं?"

"आजची नाहीत, आई. आधीच गेलेली आहेत."

"मग आज कशी गेली?"

मी तिच्या हातातला कप घेऊन विसळायला गेले.

हे पत्र कपाटातल्या कागदांखाली राहील. आईला वाचून दाखवणार नाही, कारण तिला मी वेगळं सांगितलंय. सून येऊन गेल्याचं तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तेव्हा विचारलं होतं, "त्या म्हाताऱ्या गृहस्थांना धरलं का गं शेवटी?" मी म्हटलं, समितीने धरलेल्यांची यादी आमच्यापर्यंत आलीच नाही. यादी आली होती, अण्णा. कंत्राट संपायच्या आधी दोन दिवस माझ्या स्क्रीनवर उघडी होती. शोधायला त्यांचं नाव टाकलं असतं तर क्षणात कळलं असतं. मी टाकलं नाही.